सिनेमा कळला नाही, आता काय? प्रतीकांच्या सिनेमाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही वीस-पंचवीस जण एक सिनेमा पाहतो आणि मग चहा घेत त्यावर बोलतो. नवीन आलेला माणूस पहिल्या दोन वेळा बहुधा गप्प असतो. तिसऱ्या वेळी जिना उतरताना हळूच विचारतो, “ताई, मला काहीच कळलं नाही. सगळे चांगला म्हणत होते. माझं काही चुकतंय का?” काही जण मात्र पहिल्याच दिवशी ठणकावून सांगतात, “ज्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो तो सिनेमा कसला?”

दोघांना छळणारा प्रश्न एकच आहे. गुंतागुंत असली, प्रतीकं असली, की सिनेमा चांगला होतो का? मी याचं उत्तर ‘नाही’ असं देते. ती असल्यामुळे सिनेमा वाईटही होत नाही. ती सिनेमात काही काम करतात का, एवढंच पाहायचं असतं, आणि ते पाहणं सरावाने जमतं. त्यासाठी मी नव्या मंडळींना ज्या पायऱ्या सांगते त्या इथे लिहिते आहे. उदाहरणं देताना काही सिनेमांतले शेवटाकडचे प्रसंग उघड होतील, ते आधीच सांगून ठेवते.

पायरी १: आधी सरळ गोष्ट पकडा

अवघड म्हणून नाव झालेला सिनेमा पाहायला बसलं की नवा प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून अर्थ शोधू लागतो. दार उघडलं, म्हणजे काय? पाऊस आला, म्हणजे काय? असं करू नका. दार उघडलं म्हणजे दार उघडलं. कोण आलं, त्याला काय हवंय, ते मिळण्यात अडचण काय, एवढ्याकडे लक्ष ठेवा.

आपल्याकडे या गोष्टीचा फार जुना आणि नेमका विचार झालेला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दाच्या सरळ अर्थापलीकडे एक सूचित अर्थ असतो आणि उत्तम काव्याचा प्राण त्यात असतो, हे त्याचं म्हणणं. पण वाच्यार्थ टाकून द्या, असं तो कुठेही सांगत नाही. ज्याला उजेड हवा आहे तो जशी आधी दिव्याची वात नीट करतो, तसा सूचित अर्थ हवा असणाऱ्याने वाच्यार्थाकडे यत्नाने पाहावं, असा त्याचाच दाखला आहे. सिनेमालाही हे जसंच्या तसं लागू पडतं. वात पेटलेली नसेल तर उजेडावर चर्चा कसली करणार?

याहून घरातलं उदाहरण हवं असेल तर नाथांचं भारूड घ्या. ‘विंचू चावला’ सुरू झालं की समोर बसलेलं लहान पोरही खूश होतं, कारण रंगमंचावर खरोखर एक माणूस विंचू चावल्यासारखा नाचत, कळवळत असतो. हा विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथ त्याच भारुडात उघड सांगतात. उताराही सांगतात: सत्त्वगुणाचा अंगारा लावा. ज्याला ते उमगलं त्याला भारूड आणखी खोल जातं, आणि ज्याला नाही उमगलं तोही रिकाम्या हाताने घरी जात नाही. चारशेहून अधिक वर्षं हे भारूड टिकलं त्यामागे ही दुहेरी सोय आहे असं मला वाटतं. प्रतीकांचा सिनेमा पाहताना मी मनात हीच फूटपट्टी धरते: विंचू खरा आहे का? त्याची वेदना आधी अंगावर येते का?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या फूटपट्टीवर बरोबर बसतो. त्यातला शापित देव हस्तर म्हणजे हाव, हे कळायला फार डोकं लागत नाही. पण ते कळलं नाही तरी त्या वाड्यात, त्या पावसात भीती वाटायची ती वाटतेच.

पायरी २: सिनेमा संपला की तीन ओळी लिहा

फोन उघडण्याआधी, परीक्षण वाचण्याआधी, शेजारच्याला “कसा वाटला?” विचारण्याआधी लिहा. पहिल्या ओळीत गोष्ट, दुसऱ्या ओळीत डोळ्यांसमोरून न हलणारं एक दृश्य, तिसऱ्या ओळीत जिथे मन बाहेर गेलं ती जागा. सुंदर लिहायची गरज नाही, खरं लिहा. ‘मध्ये झोप आली’ ही पूर्ण वैध नोंद आहे.

हे मी आग्रहाने सांगते, कारण दुसऱ्याचं मत कानावर पडलं की आपलं मत दहा मिनिटांत त्याच्यासारखं होतं आणि आपल्याला ते समजतही नाही. वहीतली ओळ मात्र तशीच राहते.

पायरी ३: प्रतीक काढून पाहा

आता खरं काम. एखादी वस्तू किंवा प्राणी सिनेमात पुन्हा पुन्हा येतोय, त्याला काही ‘अर्थ’ असावा असं वाटतंय. मनातल्या मनात ती गोष्ट सिनेमातून काढून टाका आणि काय कोसळतं ते बघा.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ वर (२०१३) हे करून पाहू. जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. त्याचं शालूवर प्रेम आहे, ती वरच्या जातीतली. काळी चिमणी पकडून जाळायची आणि तिची राख त्या मुलीवर टाकायची, मग ती आपल्यावर प्रेम करते, असं त्याने ऐकलेलं असतं. म्हणून तो मित्राला घेऊन माळावर, बाभळींत त्या चिमणीमागे फिरतो. दुसरीकडे गावातली डुकरं पकडणं हे त्याच्या घरच्यांवर लादलेलं काम. सिनेमाचं नाव त्यावरूनच आहे. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर.

चिमणी काढून टाका. जब्याचं प्रेम उरेल, डुकरं उरतील, गाव उरेल. पण एक फार मोठी गोष्ट जाईल. या मुलाला आपल्या आणि शालूच्या मधली भिंत एवढी उंच दिसते की ती ओलांडायला जादूच लागेल असं त्याला वाटतं. हे तो कुणापाशी एका शब्दाने बोलत नाही, चिमणी बोलते. आणखी एक पाहा: सिनेमात शिकार दोन प्रकारची आहे. एका जनावरामागे तो आपल्या मर्जीने, लपूनछपून, आनंदाने धावतो. दुसऱ्यामागे त्याला सगळ्या शाळेच्या, शालूच्या डोळ्यांदेखत धावावं लागतं. पहिली शिकार नसती तर दुसरीतला अपमान आपल्याला निम्माच कळला असता. हे प्रतीक काम करतं. आणि ते करत असताना ती चिमणी शेवटपर्यंत खरीखुरी, बाभळीवरून उडून जाणारी चिमणीच राहते.

याच सिनेमात डुकराच्या मागे सगळं कुटुंब धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. नंतर पकडलेलं डुक्कर काठीला बांधून ते ज्या भिंतीसमोरून नेतात, तिच्यावर महापुरुषांची चित्रं आहेत, त्यात बाबासाहेबही आहेत. काही प्रेक्षकांना ही दृश्यं फार उघड वाटतात. मला तशी वाटत नाहीत, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर अशी चित्रं खरोखरच आहेत आणि सकाळी राष्ट्रगीत खरोखरच होतं. दिग्दर्शकाने बाहेरून काही आणून ठेवलेलं नाही. जे रोज तिथे असतं त्याच्यासमोर त्याने कॅमेरा योग्य वेळी उभा केला. पण तुमचं मत वेगळं पडलं तर ते जरूर मांडा, फक्त ‘उघड आहे’ एवढ्यावर थांबू नका. उघड असल्याने त्या प्रसंगातली कोणती गोष्ट बिघडली, तेही सांगा.

दुसरं उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ तलं (१९५५). दुर्गावर शेजारच्या मुलीची माळ चोरल्याचा आळ येतो, ती नाकारते, आईचा मार खाते. पुढे ती आजारी पडून जाते. घर सोडून निघायच्या वेळी लहान अपूला ती माळ सापडते. तो कुणाला काही न सांगता ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर बाजूला होतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. मी हा प्रसंग कितीदा पाहिला असेन त्याची गणती नाही. इथे ‘शेवाळ म्हणजे विस्मृती’ असं वहीत लिहून मोकळं होता येतं, पण तसं लिहिलं की हातातून काहीतरी निसटतं. एका भावाने बहिणीची चूक कायमची झाकली. हे घडलं, आपण पाहिलं. अर्थ त्या घडण्याच्या आतच आहे, तो चिमट्याने वेगळा काढायची घाई करू नका.

आता जी प्रतीकं या परीक्षेत नापास होतात त्यांच्याकडे वळू. माणूस मेला की देवघरातला दिवा विझणं, नायक-नायिका जवळ आले की दोन फुलं एकमेकांना टेकणं, वाईट बातमीबरोबर हातातून कपबशी पडून फुटणं: ही एकेकाळी ताजी असतील, पण वापरून वापरून गुळगुळीत झाली. हे सगळ्यांना पटतं. ज्याकडे लोक काणाडोळा करतात ते असं, की महोत्सवांतल्या ‘गंभीर’ सिनेमाचीही स्वतःची गुळगुळीत नाणी आहेत. फुटलेला आरसा, पिंजऱ्यातला पक्षी, काचेच्या भांड्यातला एकटा मासा, ठिबकणारा नळ, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या बाईची पाठ. ती दिसली म्हणून दबून जाऊ नका. त्यांनाही तोच प्रश्न विचारा: हे काढलं तर काय कोसळेल? काहीच कोसळत नसेल तर तो मासा तिथे शोभेसाठी ठेवलेला आहे.

पायरी ४: गुंता कशाचा आहे ते ओळखा

‘गुंतागुंतीचा सिनेमा’ असं म्हणताना आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. निदान दोन तरी वेगळ्या काढा.

एक, सांगण्याचा गुंता. काळ मागेपुढे होतो, एकच घटना अनेकांच्या तोंडून येते. अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०) याचा जगप्रसिद्ध नमुना. रानात एक सामुराई मेला. दरोडेखोर, सामुराईची बायको, मांत्रिक स्त्रीच्या तोंडून बोलणारा खुद्द मेलेला सामुराई आणि एक लाकूडतोड्या, चौघेही घटना वेगवेगळी सांगतात. इथे स्वतःला विचारायचं: हेच सरळ सांगितलं असतं तर? ‘राशोमोन’ सरळ सांगताच येणार नाही. प्रत्येकजण स्वतःची अब्रू राखून खोटं सांगतो हाच त्याचा विषय, त्यामुळे सांगण्याचा गुंता आणि विषय एकच आहेत. पण एखादा सिनेमा सरळ क्रमाने मांडला आणि लक्षात आलं की ही तर साधी सूडकथा आहे, फक्त पानं पिसून दिली होती, तर तो गुंता प्रेक्षकाचं लक्ष दुसरीकडे वळवायला वापरलेला आहे.

दोन, माणसांचा गुंता. हा सरळ सांगितलेल्या गोष्टीतही असतो आणि माझ्या मते जास्त मोलाचा असतो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७४) घ्या. कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ चालते. गावात भटकत आलेला दारुडा मास्तर सहकारसम्राट हिंदुरावाला एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? पण निळू फुले यांनी उभा केलेला हिंदुराव निव्वळ खलनायक नाही, आणि डॉ. लागूंचा मास्तर निव्वळ साधू नाही. दोघांमध्ये एक विचित्र माया आहे. त्या मायेने सिनेमा अवघड होतो, आणि त्यासाठी एकही प्रतीक लागत नाही.

मग ज्यात यातलं काहीच नाही त्या सिनेमाचं काय? संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) तीन वाक्यांत सांगता येतो. नातवाच्या डोळ्याला कॅन्सर झालाय. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. आजोबा त्याला शस्त्रक्रियेआधी हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवतात. ‘श्यामची आई’ नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा मराठीतला दुसरा सिनेमा, मध्ये पन्नास वर्षांचं अंतर. याची गोष्ट मागेपुढे करून सांगितली असती, त्यात चार सूचक पक्षी सोडले असते, तर तो मेला असता. दृष्टी जाण्याआधीच्या दिवसाला पुढे सरकणारा सरळ काळच हवा होता, कारण तिथे घड्याळ चालू असणं महत्त्वाचं आहे.

साधेपणालाही हीच परीक्षा लावा. साधा म्हणून चांगला असंही नसतं. आळसाने लिहिलेली साधी गोष्ट मी खूप पाहिली आहे.

पायरी ५: कंटाळा आला तर त्याची चौकशी करा

विलंबित ख्याल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, गवई अजून सुरूच का करत नाही? पंधरा मिनिटं झाली, चीज पुढे सरकत नाही. चार-सहा मैफिलींनंतर कान बदलतो. समेवर येणं ऐकू येऊ लागतं, एकेका सुराभोवतीची बढत दिसू लागते. संथ सिनेमाचं असंच आहे. त्याची लय वेगळी असते आणि डोळ्याला तिची सवय व्हायला वेळ लागतो.

मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ त (१९७०) बसचालक नवऱ्यासाठी रोटी घेऊन एक बाई रस्त्याकडेला वाट पाहत उभी असते. कथा म्हणावी तर मोहन राकेश यांच्या लघुकथेएवढी, पण सिनेमा वाट पाहण्याचा वेळ आपल्यालाही मोजायला लावतो. आमच्या गटात तो दाखवला तेव्हा निम्मे लोक अस्वस्थ झाले. तरी नवशिक्याने सुरुवात तिथून करू नये असंच मी सांगेन. विलंबित ऐकायची सुरुवात कुणी तासाभराच्या ख्यालाने करत नाही.

संथ सिनेमाची सुरुवात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ पासून (२०१४) करा. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा त्याच्यावर आरोप आहे. कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि स्थिर उभा राहतो. प्रसंग संपला असं वाटलं तरी काही क्षण तिथेच थांबतो. शिवाय सिनेमा मध्येच वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई लोकलने घरी येतात, स्वयंपाक करतात, घरच्यांना घेऊन नाटकाला जातात. बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटात खरेदी करतो. पहिल्यांदा पाहणारा वैतागतो: खटल्याचं काय झालं? इथे कंटाळ्याची चौकशी करा. कोर्टात बसलेल्या आरोपीलाही हेच वाटत नसेल का? तारीख पडते, सगळे आपापल्या घरी जातात, त्यांची आयुष्यं चालू राहतात, आणि तो आत असतो. तुमचा कंटाळा इथे गोष्टीचाच भाग आहे.

दर वेळी असं नसतं. कधी तुम्ही दिवसभराचे दमलेले असता. तो दोष सिनेमाचा नाही, दुसऱ्या दिवशी पाहा. आणि कधी प्रसंग खरोखरच पोकळ असतो, लांबवल्याने त्यात काही भरत नाही. ओळखायचं कसं? लांब दृश्यात डोळ्याला नवं काही सापडतंय का ते पाहा: चेहऱ्यावरचा बदल, मागच्या बाकावरचा माणूस, आवाज. सापडत राहिलं तर दृश्य जिवंत आहे.

पायरी ६: ‘आवडला’ आणि ‘चांगला आहे’ हे दोन रकाने ठेवा

आमच्या गटात सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. एक बाजू म्हणते, आवड ज्याची त्याची, चर्चा कशाला? दुसरी म्हणते, हा चांगला आहे हे तुला कळत नाही.

‘रघुवंशा’ च्या सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. अंगदेशाच्या राजाला ती नाकारून पुढे जाते. तिथे कालिदास म्हणतो की तो हवाहवासा नव्हता असं नाही आणि तिला पारख नव्हती असंही नाही. ‘भिन्नरुचिर्हि लोकः’, लोकांची रुचीच वेगवेगळी. आपण शेवटचा तुकडा म्हण म्हणून वापरतो आणि आधीचे दोन विसरतो. राजाचं गुणी असणं, इंदुमतीचं जाणकार असणं आणि तिची निवड या तीन गोष्टी कवीने वेगळ्या ठेवल्या. सिनेमाबद्दल बोलताना आपल्यालाही एवढंच करायचं आहे.

म्हणून वहीत दोन रकाने पाडा. ‘आवडला की नाही’ या रकान्यात कुणालाही उत्तर द्यायची गरज नाही. तुमचं बालपण, तुमचं दुःख, त्या दिवशीचा मूड, सगळं तिथे चालतं. ज्याच्या घरात नुकतंच आजारपण होऊन गेलंय त्याला ‘श्वास’ पाहवणार नाही, आणि ते बरोबर आहे. ‘चांगला आहे की नाही’ या रकान्यात मात्र सिनेमातलं दृश्य, संवाद, आवाज बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. माझ्या वहीत ‘चांगला आहे, मला आवडला नाही’ अशी कितीतरी नावं आहेत. उलटीही आहेत.

आवड बदलते का? बदलते. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ च्या एका निबंधात ‘डॉन किहोते’ मधली गोष्ट सांगितली आहे. दोन जाणकार पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, छान आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडते. चव प्रत्येकाच्या जिभेवर असते, पण किल्ली पिंपात खरोखर होती. आणि ती चव ओळखणारी जीभ तयार व्हावी लागते. ‘ध्वन्यालोका’वर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ‘सहृदय’, म्हणजे जाणकार रसिक, कुणाला म्हणावं हे सांगताना काव्याच्या सततच्या सरावाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, असं वर्णन केलं आहे. सराव हा शब्द मला दिलासा देतो. सहृदय म्हणून कुणी जन्माला यावं लागत नाही.

पायरी ७: एकट्याने अर्थ लावत बसू नका, आणि दिग्दर्शकाच्या शब्दावर थांबू नका

उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२००९) नात्याने भाऊ असलेल्या दोन मुलांच्या जिवाभावाच्या मैत्रीचा सिनेमा आहे. समीर आणि नचिकेत. नचिकेत विहिरीत बुडून जातो आणि समीर त्याला शोधत राहतो. लपाछपीचा खेळ सिनेमाभर आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाणी म्हणजे मृत्यू, विहीर म्हणजे पोकळी, अशी यादी करून बसले होते. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने एवढंच म्हटलं, “लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं त्याला सगळे सापडेपर्यंत घरी जाता येत नाही.” राज्य! लहानपणापासून तोंडात असलेला शब्द. समीरवर राज्य आलंय आणि लपलेला आता सापडणार नाही. माझी यादी त्या एका शब्दापुढे फिकी पडली. असा अर्थ कुठल्याही प्रतीककोशात सापडत नाही, तो दुसऱ्या माणसाच्या आठवणीतून येतो. म्हणून निदान एका माणसाशी तरी बोला, आणि शक्यतो आपल्यापेक्षा वेगळं आयुष्य जगलेल्याशी.

दिग्दर्शकाच्या मुलाखती मागाहून वाचा. आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘स्टॉकर’ मधल्या (१९७९) त्या गूढ निषिद्ध प्रदेशाचे जगभर अर्थ लावले गेले. त्यांनी स्वतः मात्र लिहून ठेवलं आहे की तो प्रदेश कशाचंही प्रतीक नाही. याचा अर्थ तुम्हाला तिथे जे जाणवलं ते खोटं ठरतं असं नाही. पण जाणवलेलं पडद्यावरून आलं की आपण बाहेरून चिकटवलं, हे तपासायला असा नकार फार उपयोगी पडतो.

पायरी ८: पुन्हा पाहणं आणि सोडून देणं

अख्खा सिनेमा लगेच दुसऱ्यांदा पाहायची गरज नाही. वहीतल्या दुसऱ्या ओळीतलं, डोळ्यांसमोरून न हलणारं दृश्य तेवढं पुन्हा पाहा. दहा मिनिटं पुरतात. पहिल्यांदा गोष्टीच्या ओढीने जे सुटलं ते आता दिसतं: कॅमेरा कुठे आहे, कोण गप्प आहे, आवाज कुठे थांबतो.

सोडून द्यायलाही हरकत नाही. मी निम्मा सिनेमा होईपर्यंत धीर धरते. तोवर एकाही माणसाबद्दल, एकाही दृश्याबद्दल कुतूहल वाटलं नाही तर बंद करते आणि वहीत तारीख घालून ठेवते. काही सिनेमे आठ-दहा वर्षांनी परत उघडले आणि तेच आता जवळचे झालेत. काही परत उघडूनही तसेच राहिले.

क्रम विचाराल तर ‘श्वास’, मग ‘फँड्री’, मग ‘सामना’, मग ‘पथेर पांचाली’, मग ‘राशोमोन’, मग ‘विहीर’, आणि मग ‘कोर्ट’. महिन्याला एक धरा. मधल्या रविवारी वाटेल ते पाहा, हसवणारं, नाचगाण्याचं, काहीही. ‘कोर्ट’ पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा: उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयाच्या खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडद्यावर अंधार होतो. आमच्याकडे तिथे दर वेळी दोघे-तिघे चपला शोधायला उठतात. तुम्ही बसून राहा, सिनेमा अजून बाकी आहे.